पहाटे प्रार्थनेला बसते, पण भावाचा फोन उचलत नाही: इब्री १२:१४ रोजच्या जगण्यात कसं उतरवायचं?

पहाटवारा

सर्वांना सलाम.

बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहिते. लांब होईल, सांभाळून घ्या.

गेली दोन वर्षं मी पहाटे साडेचारला उठते. तासभर वचन आणि प्रार्थना, शुक्रवारी उपास. बाबा गेल्यावर ही सवय लागली आणि तिनेच मला उभं केलं.

बाबा शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होते. दादा दूर असतो, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. त्यांची कूस बदलणं, औषधांच्या वेळा, रात्रीची जागरणं. दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी घरात नातेवाईक बसलेले असताना दादा म्हणाला, "बाबांच्या पैशांचा हिशेब एकदा दाखव." एवढंच. आवाजही चढवला नव्हता. पण मामी माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. नाताळला वहिनीचा मेसेज येतो, मी हात जोडल्याचं चित्र पाठवते. संपलं.

मागच्या आठवड्यात पहाटे बायबलमधलं इब्री लोकांस पत्र वाचत होते, बारावा अध्याय. सर्वांबरोबर शांती आणि ज्यावाचून कोणालाही प्रभूला पाहता येणार नाही ते पवित्रीकरण, यांसाठी झटा. या ओळीखाली माझीच जुनी पेन्सिलची रेघ आहे. 'पवित्रीकरण' या शब्दाखाली दोनदा, 'शांती'खाली एकदाही नाही. तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'. इतक्या पहाटे तो कधी करत नाही. मी फोन पालथा घातला आणि वाचत राहिले. अध्याय संपल्यावर पान उलटायला गेले तेव्हा दिसलं, फोन मी त्याच पानावर ठेवला होता. पेन्सिलची रेघ फोनखाली गेली होती.

तेव्हापासून प्रार्थनेला बसवत नाही. बसते, पण शब्द फुटत नाहीत.

मंडळीतल्या एका ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मनातून क्षमा केली ना, मग झालं, अंतर ठेवून राहा, त्यातच शांती आहे. मला ते पटत नाही, पण चूक कुठे आहे तेही बोट ठेवून सांगता येत नाही. तुम्ही आपापल्या घरात, कामात, मंडळीत हे वचन कसं जगता? उपदेश नको, अनुभव सांगा.

---

कोरा_कागद

ताई, तुमचं वाचून मी माझा फोन उघडला आणि ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी बघितली. तीन नावं आहेत. तिघंही माझ्याच मंडळीतले. सध्या एवढंच. वाचत राहीन.

---

जुनी_वही

पहाटवारा, आधी त्या फोनची काळजी. पहाटेचा फोन होता. उलट करून विचारा, सगळं ठीक आहे ना. बाकीचं नंतर.

आता वचनाबद्दल. उपदेश नको म्हणालात, पण या ओळीत मी स्वतः बरीच वर्षं अडकलेलो आहे म्हणून लिहितो.

मूळ ग्रीक वाक्यात 'झटा' यासाठी क्रियापद एकच आहे, 'दिओको'. त्याचा अर्थ पाठलाग करणे, मागे लागणे. शिकारी सावजाच्या मागे लागतो तसं. छळ करणे यासाठीही हाच शब्द येतो. फिलिप्पै ३:६ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की मी मंडळीचा छळ करणारा होतो, तिथे हाच शब्द. आणि आठच ओळींनंतर, ३:१४ ला, मी लक्ष्याकडे धावतो आहे असं म्हणताना पुन्हा हाच. ज्या जोराने तो माणसांच्या मागे लागला होता, तोच जोर पुढे दुसरीकडे वळला.

इब्री १२:१४ मध्ये या एका क्रियापदाला दोन कर्मं आहेत, शांती आणि पवित्रीकरण. आपण वाचताना त्यांची फाळणी करतो. पवित्रीकरण हा माझा आणि देवाचा खासगी मामला, आणि शांती म्हणजे लोकांशी जमलं तर ठीक. लेखकाने ती मुभा ठेवलेली नाही.

हे लिहिलं कोणाला तेही बघा. दहाव्या अध्यायात (१०:३२-३४) तो वाचकांना आठवण देतो की तुमची जाहीर विटंबना झाली, तुमची मालमत्ता लुटली गेली. ज्यांचं घरदार गेलं त्यांना तो 'सर्वांबरोबर' म्हणतो. हे वाचलं की मला माझ्या भांडणांची यादी काढायला संकोच वाटतो.

आणि पंधरावी ओळ सोडू नका. कडवटपणाचं मूळ. मूळ जमिनीखाली असतं, वरून अंगण स्वच्छ दिसतं. ते वर आलं की पुष्कळ जण विटाळतात, असं तिथे आहे. म्हणजे मी मनात जपलेला कडवटपणा माझ्यापुरता राहत नाही. माझ्या बाबतीत तो माझ्या मुलांपर्यंत गेला. मी माझ्या चुलतभावाबद्दल मुलांना कधी काही सांगितलं नव्हतं. तरी तो दारात आला की माझा मुलगा आतल्या खोलीत निघून जायचा. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता.

---

उंबरा

थोडं वेगळं मत मांडतो, कोणी रागावू नये.

अशा चर्चांनी माणसं खचतात असं मी पाहिलंय. आधीच दुखावलेल्या बाईला आपण सांगतो, तू शांती केली नाहीस तर प्रभूला पाहणार नाहीस. हे कृपेचं शुभवर्तमान आहे का? त्याच पत्रात १०:१० ला लिहिलंय की ख्रिस्ताच्या देहाच्या एकदाच झालेल्या अर्पणाने आपण पवित्र केलेले आहोत. झालेलं काम आहे. मग पुन्हा 'झटा' कसलं? पहाटवारा ताईंनी आठ महिने बापाची सेवा केली. अपमान त्यांचा झाला. पहिलं पाऊल दादांनी टाकायला हवं.

---

जुनी_वही

उंबरा, तुमची काळजी योग्य आहे आणि ती मांडलीत हे बरं झालं. पण दहाव्या वचनानंतर चार वचनं पुढे जा. १०:१४ म्हणतं की एका अर्पणाने त्याने पवित्र होत असलेल्यांना सर्वकाळासाठी पूर्ण केलं आहे. एकाच वाक्यात 'पूर्ण केलं आहे' आणि 'पवित्र होत असलेले' दोन्ही. दत्तक घेतलेलं मूल कागदावर सही झाली त्या क्षणी घरचं होतं. त्या घराची बोली त्याच्या तोंडी बसायला मात्र वर्षं जातात. बोली शिकल्याने ते घरचं होत नाही. घरचं असल्यामुळेच शिकतं.

आणि पहिलं पाऊल कोणाचं? मत्तय ५:२३-२४ मध्ये वेदीपाशी अर्पण आणलेल्या माणसाला आठवतं की आपल्या भावाच्या मनात *आपल्याविरुद्ध* काही आहे. आपल्या मनात त्याच्याविरुद्ध नव्हे. मत्तय १८:१५ मध्ये उलट आहे, भावाने *माझा* अपराध केला, तरी जायचं मीच. दोन्हीकडून निघालात तरी 'जा' तुम्हालाच. दोघं वचनाप्रमाणे चालले तर वाटेतच भेटतील.

---

शिंपला

मी इथे सहसा लिहीत नाही. आज राहवलं नाही.

मी नऊ वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे तीन वेळा गेले. तिन्ही वेळा मला रोम १२:१८ वाचून दाखवलं, सर्व माणसांबरोबर शांतीने राहा. तिसऱ्या वेळी माझी मनगटं निळी होती आणि समोरचे गृहस्थ पान उलटत होते. पुढे कोणी मला शांती म्हटलं की माझे हात गार पडायचे.

म्हणून विनंती, कोणालाही 'जा, समेट कर' सांगण्याआधी विचारा की ती व्यक्ती त्या घरात सुरक्षित आहे का.

मला सोडवलं ते दुसऱ्या एका वचनाने. यिर्मया ६:१४. माझ्या लोकांची जखम ते वरवर बरी करतात आणि शांती नसताना शांती, शांती म्हणतात. हे वाचलं त्या दिवशी कळलं की देव माझ्या बाजूने चिडलेला आहे. मी बाहेर पडले. रीतसर तक्रार केली. आज माझ्या घरात रात्री दार वाजलं तर मुलं दचकत नाहीत. माझ्यासाठी शांती म्हणजे ते.

क्षमा? त्यावर अजून काम चालू आहे. कधीकधी त्याच्यासाठी एका वाक्याची प्रार्थना करते. त्याच्यापुढे बसून मात्र नाही, आणि कधी बसणारही नाही.

---

जुनी_वही

शिंपला ताई, माझ्या वरच्या लिहिण्यात तुमच्यासारख्यांची दखल नव्हती. ती चूक माझी आहे. माफ करा.

आणि ज्यांनी तुम्हाला रोम १२:१८ वाचून दाखवलं, त्यांनी अर्धंच वाचलं. ते वचन सुरू होतं 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असं. पौलाने दोन अटी घातल्या आहेत, कारण त्याला ठाऊक होतं की समोरचा माणूस आपल्या हातात नसतो. याकोब ३:१७ मध्ये वरून येणारं ज्ञान *आधी* शुद्ध असतं, *मग* शांतीप्रिय. हा क्रम उलटा केला की तुम्ही भोगलंत ते होतं.

---

उंबरा

शिंपला ताई, तुमच्यासाठी आज रात्री प्रार्थना करेन. मला वर जे म्हणायचं होतं ते बहुधा हेच होतं, मला नीट मांडता आलं नाही.

---

हिशेबनीस

ऑफिसची बाजू मांडतो.

मी लेखा विभागात आहे. मार्च महिन्यात साहेबांनी एक बिल पुढे सरकवलं, तारीख मागची टाकायला सांगितली. काम झालेलं नव्हतं. मी नाही म्हणालो. पुढचे चार महिने डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. त्या दिवसांत मी स्वतःला समजावत होतो की पवित्रता धरली की शांती जाणारच, प्रभूनेही म्हटलंय की मी तलवार घेऊन आलोय.

मग एका सहकाऱ्याने, तो विश्वासीही नाही, मला खाली गाठलं आणि म्हणाला, "तू सही केली नाहीस ते बरोबरच होतं रे. पण त्या दिवशी तू आमच्या सगळ्यांकडे असा बघितलंस, जणू आम्ही चोर आहोत."

रात्रभर झोप नाही. कारण ते खरं होतं. नाकारताना माझा आवाज वर गेला होता, पलीकडच्या तीन टेबलांना ऐकू जावा इतका. सही नाकारणं देवासाठी होतं. आवाज माझ्यासाठी होता.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलांवर जाऊन एकेकाला सांगितलं की बिलाबद्दल माझं मत तेच आहे, पण बोलण्याची पद्धत चुकली, माफ करा. साहेबांनाही सांगितलं. साहेब काही बोलले नाहीत, फाईल बघत राहिले. पुढे ते बिल माझ्याकडे परत आलं नाही, कोणाकडे गेलं माहीत नाही. खुर्ची मात्र भरली.

पवित्रतेमुळे भांडण होतं असं आपण म्हणतो तेव्हा त्यात पवित्रता किती आणि माझा ताठा किती, हे मी आता तपासून बघतो. बहुतेक वेळा दोन्ही असतं.

---

ओंजळ

हिशेबनीस दादांचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली, इथे अगदी लागू आहे.

पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांत प्रार्थना संपली की विश्वासी एकमेकांना शांतीचं चुंबन द्यायचे. साधारण इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हुतात्मा हा ख्रिस्ती लेखक लिहितो की प्रार्थना झाल्यावर आम्ही एकमेकांना चुंबनाने अभिवादन करतो आणि मग भाकर व प्याला आणला जातो. भोजनाआधी शांती, हा क्रम तेव्हापासूनचा.

इ.स. २०० च्या आसपास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक प्रार्थनेवर लिहिताना तक्रार करतो की एक नवी चाल पडली आहे, ज्यांचा उपास असतो ते भावांबरोबर प्रार्थना करतात, पण शांतीचं चुंबन देत नाहीत. तो विचारतो, ज्या प्रार्थनेपासून शांती तोडली ती प्रार्थना पूर्ण कशी? चुंबनाला तो प्रार्थनेची मोहोर म्हणतो. मोहोर नसलेलं पत्र.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. अठराशे वर्षांपूर्वीही माणसं उपास धरून भावापासून बाजूला होत होती. पहाटवारा, तुमचा शुक्रवार आणि पालथा फोन, बघा.

त्याहून जुनं एक पुस्तक आहे, 'दिदाखे', म्हणजे शिकवण. ते फार काळ हरवल्यासारखं होतं, १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये १०५६ सालच्या एका हस्तलिखितात ते सापडलं. त्याच्या चौदाव्या भागात सांगितलं आहे की ज्याचं आपल्या सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत तुमच्यात येऊ नये, म्हणजे तुमचं अर्पण विटाळणार नाही. हा विचार त्याहूनही फार जुना आहे, यशया ५८ मध्येही उपासाच्या दिवशी भांडण आणि बुक्क्या चालल्या म्हणून देव तो उपास नाकारतो.

आमच्याकडे मिस्सेत 'एकमेकांना शांती द्या' म्हणतात तेव्हा मी अनेक वर्षं उजवीकडे-डावीकडे मान हलवून मोकळी व्हायचे. आता त्या क्षणी ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याचं नाव मनात घेते. रोज वेगळं नाव नसतं, तेच तेच असतं.

---

तिसरा_मजला

मी वयाने इथे सगळ्यात लहान असेन. बारावीत आहे.

आमच्या घरी पप्पा रोज रात्री मोठ्याने कौटुंबिक प्रार्थना घेतात. सुंदर प्रार्थना करतात, मंडळीत सगळे म्हणतात. प्रार्थनेआधी अर्धा तास मम्मीशी ज्या आवाजात बोलतात आणि 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणताना जो आवाज लावतात, ते दोन वेगळे आवाज आहेत. मी डोळे मिटून ऐकतो, म्हणून मला फरक जास्त कळतो.

तक्रार म्हणून लिहीत नाही. पप्पा चांगले आहेत. एकदा, फक्त एकदाच, प्रार्थना सुरू केली आणि मधेच थांबले आणि मम्मीला म्हणाले, "मघाशी चुकलो." मग प्रार्थना झालीच नाही, आम्ही तसेच झोपलो. ती रात्र माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त राहिली आहे.

---

कोरा_कागद

तिसरा_मजला, मी बाप आहे. तुझा प्रतिसाद तीनदा वाचला.

---

मातीचा_घडा

पवित्र म्हणजे काय, हे आपण फार धूसर करून ठेवलंय. लेवीय १९ काढा. सुरुवात 'पवित्र व्हा, कारण मी पवित्र आहे' अशी. मग देव पवित्रतेची कामं सांगतो, आणि बघा ती कसली आहेत. शेताची कड कापू नको, गरिबासाठी ठेव. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको. बहिऱ्याला शिव्या देऊ नको. आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नको. चहाड्या करत फिरू नको. भावाचा मनात द्वेष करू नको, त्याला स्पष्ट सांग. खरा तराजू, खरी वजनं. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे सुद्धा याच अध्यायातलं, १८ वं वचन. यातलं बहुतेक सगळं मजुरी, शेत, बाजार आणि जीभ यांच्याबद्दल आहे.

दुसरं, 'शालोम' हा हिब्रू शब्द. आपण त्याचं शांती करतो, पण मूळ धातूत पुरं असणं, काही उणं नसणं हा भाव आहे. निर्गम २२ मध्ये चोराने भरपाई करून द्यावी असं पुन्हा पुन्हा येतं ना, ते 'भरून दे' हे क्रियापद याच धातूचं आहे. म्हणजे देणं बाकी असेल तर शालोम अपुराच. जक्कय या जकातदाराने हे बरोबर ओळखलं, प्रभू घरी आला आणि तो उभा राहून चौपट परत द्यायचं बोलला.

म्हणून क्षमेच्या गोष्टी करताना मी लोकांना एक रुक्ष प्रश्न विचारतो. तुमच्याकडून त्या माणसाचं काही देणं राहिलंय का? पैसा, वस्तू, माहिती, कबुली. काहीही.

---

पहाटवारा

सगळ्यांचं वाचतेय. फोन त्याच दिवशी वहिनीला केला होता. दादा ठीक आहे. वहिनी म्हणाली, "त्यांना झोप येत नव्हती, म्हणून लावला असेल." पुढे मी काही विचारलं नाही.

मातीचा_घडा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला दोन दिवस उठता-बसता छळलं. आता लिहिते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही.

बाबांनी जाण्याआधी दोन महिने एक मुदत ठेव मोडून ती रक्कम माझ्या नावावर केली. मी मागितली नव्हती. म्हणाले, तू नोकरी सोडून बसलीस, असू दे. मी नको म्हणाले, मग घेतली. मला ती मिळायला हवी होती असं मला आजही वाटतं. पण दादाला मी सांगितलं नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने हिशेब मागितला तेव्हा मला जो संताप आला, त्यात अपमान होता, आणि त्याच्या खाली ही ठेव होती. त्याला काही कळलंय की काय, ही भीती होती. दोन वर्षं मी त्याला अपमानासाठी क्षमा करायचा प्रयत्न करत होते. भीतीचं नावसुद्धा काढलं नाही.

पेन्सिलची रेघ पवित्रीकरणाखाली दोनदा मारली होती म्हणाले ना मी. त्या पहाटेही ठेव होतीच.

काय करू? सांगितलं तर तो म्हणेल, बघा, माझा संशय खरा होता.

---

उंबरा

ताई, म्हणू शकेल. तरी सांगा. पहिलं पाऊल दादांचं असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो.

---

शिंपला

पहाटवारा, तुमचा भाऊ तुम्हाला इजा करणारा माणूस वाटत नाही. तसा असता तर मी वेगळं सांगितलं असतं. लिहून पाठवा. तोंडी सांगताना आपण मधेच बचाव सुरू करतो.

---

हिशेबनीस

आणि लिहिताना 'मी आठ महिने सेवा केली' हे वाक्य त्या पानावर नको. ते खरं आहे, पण त्या पानावर नको. माझ्या त्या वरच्या आवाजासारखं होईल.

---

मातीचा_घडा

दादांनी उत्तर दिलं नाही तरी चालेल अशी तयारी ठेवा. इसहाकाच्या विहिरी आठवा, उत्पत्ती २६. एक खणली, भांडण झालं, सोडली, नाव ठेवलं एसेक. दुसरी खणली, पुन्हा भांडण, सिटना. तिसरीवर कोणी भांडलं नाही, तिचं नाव रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. त्याने भांडणाऱ्यांना हरवलं नाही, खणणंही थांबवलं नाही.

पौल आणि बर्णबा यांच्यातही एवढी तीव्र तेढ पडली की ते वेगळे झाले (प्रेषित १५:३९), मार्कला प्रवासात सोबत घ्यायचं की नाही यावरून. त्यांचा समेट कधी झाला ते प्रेषितांची कृत्ये सांगत नाही. पण पुढे एका पत्रात पौल बर्णबाचं नाव आदराने घेतो, आणि तीमथ्याला लिहिताना म्हणतो, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं ते आपल्याला दिसत नाही. तुमचंही असंच काहीसं लांबू शकेल.

---

पहाटवारा

अकरा दिवसांनी लिहितेय.

बाबांच्या आजारपणाची वही माझ्याकडे होती, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, औषध, खर्च. प्रत्येक पानाचा फोटो काढला. शेवटच्या कोऱ्या पानावर ठेवीची नोंद केली, रक्कम, तारीख, बाबा काय म्हणाले ते. खाली लिहिलं, 'हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक. यातलं तुझं काय आहे असं तुला वाटतं ते सांग.' हिशेबनीस दादा, ते वाक्य दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

रात्री नऊला पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी वाचायला बसले आणि फोन वाजला. पावणेपाच.

उचलला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग दादा म्हणाला, "वही बघितली." मी म्हटलं, "हो." पुन्हा शांत. मला वाटलं आता ठेवीवर येईल. तो म्हणाला, "अठरा तारखेच्या पानावर तू लिहिलंयस, रात्री दोन वाजता बाबा जागे, पाणी मागितलं, गाणं म्हणाले. कुठलं गाणं?"

मला त्या क्षणी कळलं की मी त्याला शेवटच्या रात्रीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. कोणीच सांगितलेलं नव्हतं. तो विमानातून उतरून थेट दफनभूमीत आला होता.

मी सांगितलं. कुठलं गाणं, दुसरं कडवं ते कसे विसरले, मी कसं पुढे म्हटलं. तो मधेमधे विचारत होता, आणि मग? आणि मग? खिडकीत उजाडलं तरी बोलत होतो. ठेवीचा विषय निघाला नाही. निघेल, मी काढीन. रविवारी तो पुन्हा फोन करणार आहे, म्हणाला वहीतली आणखी पानं विचारायची आहेत.

---

तिसरा_मजला

ताई, गाणं कुठलं होतं?

---

पहाटवारा

ते आधी दादाबरोबर एकदा म्हणून घेते रे. मग सांगते.